दात काढण्याआधीच विचारा: जबड्यात हाड भरणं कुणाला, कधी आणि कसं

‘इम्प्लांट बसेल, पण आधी हाड भरावं लागेल.’ दात काढून दोन-चार वर्षं झाल्यावर इम्प्लांटची, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवायच्या दाताची, चौकशी करायला गेलेल्या पुष्कळांच्या कानावर हे वाक्य पडतं, आणि मनात पहिली शंका येते ती बिल फुगवण्याची. शंका दर वेळी चुकीचीच असते असं मी म्हणणार नाही. पण बहुतेकदा कारण खरं असतं. दात होता तिथलं हाड मधल्या काळात आटलेलं असतं. दात काढला त्याच बैठकीत तो खळगा हाडाच्या भुकटीने भरून घेतला असता, तर काम थोडक्यात आणि कमी पैशांत झालं असतं. तेव्हा ना पेशंटने विचारलेलं असतं, ना डॉक्टरने सांगितलेलं असतं. दात दुखत असतो, तो एकदाचा जावा एवढंच दोघांच्याही डोक्यात असतं.

म्हणून बोन ग्राफ्टचे, म्हणजे असं हाड भरण्याचे, फायदे सांगताना मी आधी वेळेबद्दल बोलतो. तीच भुकटी, तोच डॉक्टर, तोच जबडा, पण दात काढण्याच्या दिवशी केलेलं काम आणि पाच वर्षांनी केलेलं काम यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दात अजून काढायचा असेल तर तुम्ही हे अगदी योग्य वेळी वाचताय. काढून झाला असेल तरी वाट बंद झालेली नाही, फक्त लांबची झाली आहे.

हाड आटतं म्हणजे नक्की काय होतं

जबड्याच्या हाडाचा जो कडेचा भाग दातांची मुळं धरून ठेवतो, तो दातांसाठीच असतो. दात असेपर्यंत चावण्याचा दाब मुळातून हाडात पोचतो आणि हाड टिकतं. दात गेला की त्या भागाला काम उरत नाही आणि शरीर ते हाड हळूहळू काढून घेतं. हळूहळू म्हटलं तरी सुरुवातीचा वेग चांगलाच असतो. दाढा आणि उपदाढा काढलेल्या जागांवरच्या २००३ सालच्या एका अभ्यासाचा दाखला या विषयात नेहमी दिला जातो. वर्षभरात हाडाची रुंदी सरासरी १२ मिलिमीटरवरून ६ मिलिमीटरच्या खाली आली, म्हणजे निम्मी झाली, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या ३ महिन्यांतच झाली होती. उंचीही कमी होते, पण रुंदीइतकी नाही.

ओठ-गालाच्या बाजूची भिंत सगळ्यात आधी खचते. वरच्या पुढच्या दातांपुढची ही भिंत बहुतेकांमध्ये १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. त्यामुळे पुढचा दात काढल्यावर काही महिन्यांत तिथे बाहेरून खोलगट दिसायला लागतं. नंतर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात, लावला तरी कृत्रिम दात आणि हिरडी यांच्यामध्ये काळी फट राहते. हसताना हिरडी दिसणाऱ्यांना ती फार खुपते.

वरच्या दाढांचं गणित वेगळं आहे. त्यांच्या डोक्यावर सायनस, म्हणजे नाकाला जोडलेली हवेची पोकळी, असते. दाढ गेली की हाड खालून आटतं आणि वरून सायनस खाली उतरतो, अशी दोन्हीकडून जागा कमी होते. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस हाडाच्या आतून जाते. हाडाची उंची कमी झाली की इम्प्लांट आणि नस यांच्यात ठेवायचं अंतर उरत नाही.

आता इम्प्लांटचा हिशेब मांडून पाहा. नेहमीच्या वापरातला स्क्रू साधारण ४ मिलिमीटर जाड आणि ८ ते १२ मिलिमीटर लांब असतो. त्याच्या दोन्ही अंगांना किमान एक-दीड मिलिमीटर हाड हवं आणि खाली नसेपासून २ मिलिमीटर अंतर हवं. म्हणजे हाडाची रुंदी सहा-सात मिलिमीटर तरी लागते. वर सांगितलेल्या अभ्यासात वर्षभरानंतर सरासरी तेवढीही उरलेली नव्हती.

पहिली पायरी: तुम्हाला याची गरज आहे का, ते ठरवा

सगळ्यांनाच नसते, आणि हे डॉक्टरने स्वतःहून सांगायला हवं. अक्कलदाढ काढली आणि तिथे पुन्हा दात बसवायचाच नाही, तर साधारणपणे खळगा भरायची गरज नसते. शेवटची दाढ काढली आणि तिच्याशिवाय चालवायचं ठरवलं, तरीही तेच. तिथे शरीर स्वतःच जेवढं हाड भरेल तेवढं पुरतं. काही जागी दात काढल्याबरोबर त्याच खळग्यात इम्प्लांट बसवता येतं. मग स्क्रू आणि हाडाची भिंत यांच्यामधल्या फटीपुरतीच भुकटी लागते.

खरा फायदा कुठे होतो? पहिली जागा म्हणजे दात काढल्यावर तिथे पुढे इम्प्लांट बसवायचं असेल, पण लगेच नाही. याला डॉक्टर ‘सॉकेट प्रिझर्व्हेशन’ म्हणतात, आणि एकंदर पैसा वसूल होण्याच्या दृष्टीने मी याला पहिला नंबर देतो. हाडाची घट त्याने पूर्ण थांबत नाही, आणि थांबते असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. न भरलेल्या खळग्याच्या तुलनेत रुंदीत साधारण दीड-दोन मिलिमीटरची बचत होते. ऐकायला ही बचत क्षुल्लक वाटेल, पण वरचा सहा-सात मिलिमीटरचा हिशेब आठवा. त्या दोन मिलिमीटरवर पुढचं मोठं ऑपरेशन टळू शकतं.

दुसरी जागा पुढच्या दातांची. इथे इम्प्लांट नको, ब्रिजच हवा असेल, तरी हिरडीचा उंचवटा टिकावा म्हणून ग्राफ्ट करतात. दिसण्यासाठी करतोय असं म्हणायला लाजू नका. समोरचा दात दिसण्यासाठीही असतोच.

तिसरी जागा लोकांना माहीतच नसते: जो दात अजून तोंडात आहे तो वाचवणं. पायोरियामध्ये हिरडीखाली मुळाच्या बाजूचं हाड खाल्लं जातं. हा खड्डा खोल आणि अरुंद असेल आणि त्याच्या तीन बाजूंना हाडाच्या भिंती शिल्लक असतील, तर तिथे ग्राफ्ट चांगला रुजतो आणि हलणारा दात बरीच वर्षं काम देऊ शकतो. सगळीकडे सारखं खाली गेलेलं हाड मात्र अशाने वर येत नाही. त्यामुळे ‘पायोरिया आहे, सगळ्या दातांना हाड भरू’ असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

चौथी जागा, बऱ्याच वर्षांपूर्वी दात गेलेले लोक. खालची कवळी बसत नाही, जेवताना उचलते, हिरडीला घासते, कारण तिला धरायला हाडाची कडच उरलेली नसते. यातल्या काहींना हाड भरून दोन इम्प्लांट बसवले आणि त्यांवर कवळी अडकवली की पुन्हा नीट जेवता येतं. पण इथे पर्यायांचाही विचार करा. जेवढं हाड आहे त्यात बसतील असे आखूड किंवा तिरपे इम्प्लांट, आणि वरच्या जबड्यासाठी गालाच्या हाडात रोवायचे लांब इम्प्लांट असे मार्गही आहेत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मोठ्या ग्राफ्टच्या वाटेला न पाठवण्यातच कधी कधी शहाणपण असतं.

लहान मुलांबद्दलही एक उल्लेख करून ठेवतो, कारण फाटलेल्या ओठ-टाळूच्या मुलांच्या आई-वडिलांना ही माहिती वेळेवर मिळत नाही. अशा मुलांच्या हिरडीच्या हाडातही फट असते. साधारण ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, सुळा खाली उतरण्याआधी, कमरेच्या हाडाचा मऊ भाग काढून ती फट भरतात. सुळ्याला उतरायला हाड मिळतं आणि नाकाच्या बाजूला आधार मिळतो. वय निघून गेल्यावर तेवढा फायदा होत नाही.

दुसरी पायरी: तोंडाआधी शरीराची तपासणी

एक्स-रेवर हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही. त्यासाठी सीबीसीटी म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन लागतो. इम्प्लांटसाठी किंवा सायनसच्या कामासाठी ग्राफ्ट करायचा असेल तर स्कॅनशिवाय पुढे जाऊ नका. सगळ्या तोंडाचा काढायची गरज नसेल, तर तेवढ्याच भागाचा काढता येतो. रेडिएशनही कमी आणि खर्चही. स्कॅनची सीडी किंवा फाइल स्वतःकडे मागून घ्या. डॉक्टर बदलला तर ती कामाला येते.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीए१सीचा रिपोर्ट काढा. तो ७ च्या आसपास असेल तर डॉक्टर सहसा निर्धास्त असतात. ८ च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणा, कारण जखम उशिरा भरते आणि पू होण्याची शक्यता वाढते. दात अजून काढला नसेल तर ग्राफ्टची घाई नसते. काही आठवडे थांबल्याने फारसं बिघडत नाही.

औषधांची यादी चिठ्ठीवर लिहून न्या. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल दिल्या जाणाऱ्या औषधांचा त्यात ठळक उल्लेख हवा: आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा लावलं जाणारं झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाइन, सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन. या औषधांमुळे जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याचा धोका असतो. ठिसूळ हाडांसाठीच्या डोसमध्ये तो कमी असतो, कॅन्सरसाठीच्या मोठ्या डोसमध्ये बराच जास्त. घरातल्या आजीला वर्षातून एकदा ‘हाडांचं सलाइन’ लागतं, पण ते रोजच्या औषधांत धरलं जात नाही आणि सांगायचं राहून जातं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून काय ते ठरवा. मानेला किंवा जबड्याला कधी शेक, म्हणजे रेडिएशन, दिलं असेल तर ते सगळ्यात आधी सांगा.

आता तंबाखू. सिगारेटबद्दल डॉक्टर विचारतातच. आपल्याकडे विचारायची खरी गोष्ट मिश्री. गावाकडच्या आणि शहरात आलेल्या कितीतरी बायका दिवसातून दोन-तीनदा मिश्री लावतात, पण ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती थेट हिरडीवर चोळली जाते, जिथे ग्राफ्टला रक्त पुरवायचं असतं नेमकं तिथे. तंबाखू कुठल्याही रूपात असो, किमान आठवडाभर आधी बंद करा आणि नंतर दोन महिने तरी हात लावू नका. हे जमणार नसेल तर डॉक्टरला तसं स्पष्ट सांगा आणि ग्राफ्टवर पैसे घालू नका. सुपारी-गुटख्याने तोंड उघडायचं कमी झालं असेल तर आधी त्यावर इलाज करावा लागतो. तोंडात दोन बोटं शिरत नाहीत तिथे मागच्या दाढेवर काम होत नाही.

तिसरी पायरी: कुणाचं हाड भरणार, ते विचारा

हा प्रश्न पेशंट विचारत नाहीत आणि कित्येक दवाखान्यांत कुणी सांगतही नाही. बाटलीतून पांढरे दाणे निघतात, खळग्यात जातात, एवढंच दिसतं. ते दाणे कुठून आले याची उत्तरं चार असू शकतात.

स्वतःचं हाड: हनुवटीतून, अक्कलदाढेच्या मागून, किंवा मोठं काम असेल तर कमरेतून काढलेलं. यात जिवंत पेशी असतात, त्यामुळे ते स्वतः नवं हाड तयार करतं. पण दुसरी जखम करावी लागते आणि बऱ्याचदा मुख्य जखमेपेक्षा तीच जास्त दुखते.

दुसऱ्या माणसाचं हाड: दात्यांकडून घेतलेलं, तपासलेलं, सुकवलेलं आणि निर्जंतुक केलेलं. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक १९८८ पासून हे काम करते. तिथलं गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं हाड दातांच्या कामासाठीही वापरलं जातं.

प्राण्याचं हाड: मुख्यतः गायी-बैलांचं, काही वेळा डुकराचं. त्यातली प्रथिनं आणि सगळा सेंद्रिय भाग काढून टाकलेला असतो, फक्त खनिजाचा सांगाडा उरतो. ते फार सावकाश विरघळतं, म्हणून जागेचा आकार चांगला टिकवतं आणि जगभर सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रकारांत मोडतं.

आणि कृत्रिम: हायड्रॉक्सिॲपेटाइट, बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, बायोॲक्टिव्ह काच. यांत कुणाचंही हाड नसतं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट तुलनेने लवकर विरघळून त्याची जागा शरीराचं हाड घेतं, हायड्रॉक्सिॲपेटाइट बराच काळ राहतं. म्हणून दोन्ही मिसळूनही वापरतात.

वरचे शेवटचे दोन प्रकार स्वतः हाड बनवत नाहीत. वेलीला मांडव घालून द्यावा तसे ते आजूबाजूच्या हाडातल्या पेशींना चढायला आधार देतात. पेशी तुमच्याच, हाडही तुमचंच. म्हणून ज्या खळग्याच्या भिंती शाबूत आहेत तिथे कृत्रिम भुकटीही चांगलं काम करते, आणि जिथे भिंतीच उरलेल्या नाहीत तिथे नुसत्या भुकटीने भागत नाही.

तुम्ही शाकाहारी असाल, जैन असाल, गायीचं किंवा डुकराचं काहीही शरीरात नको असेल, तर काम सुरू होण्याआधी तोंडाने सांगा आणि संमतिपत्रावर लिहून घ्या. हे विचारण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. ग्राफ्टसोबत वरून झाकायच्या पडद्याचंही विचारा. तो बहुधा कोलेजनचा असतो आणि कोलेजन प्राण्याचंच: बैल, डुक्कर किंवा मासा. भुकटी कृत्रिम घेतली आणि पडदा डुकराचा निघाला, तर उपयोग काय? पीआरएफ नावाचा एक पर्यायही असतो. तुमचंच रक्त काढून यंत्रात फिरवतात आणि त्यातून जेलीसारखा थर मिळतो. तो जखम लवकर भरायला मदत करतो, पण एकटा हाडाची जागा धरून ठेवायला पुरेसा नसतो. ‘पीआरएफ म्हणजेच बोन ग्राफ्ट’ असं सांगून पैसे घेतले जात असतील तर सावध व्हा.

चौथी पायरी: डॉक्टर आणि खर्च

दात काढताना खळगा भरण्याचं काम सरावातला बीडीएस डॉक्टरही करू शकतो. सायनस लिफ्ट (सायनसचा पडदा वर उचलून खाली हाड भरणं), हाडाचा अख्खा तुकडा स्क्रूने बसवणं, उंची वाढवणं ही कामं हिरड्यांच्या किंवा मुखशस्त्रक्रियेच्या एमडीएस डॉक्टरकडेच करून घ्या. इम्प्लांट आणि वरचा दात कोण करणार, हे आधीच ठरलेलं असावं, कारण दात कुठे यायचा आहे त्यावरून हाड कुठे हवं ते ठरतं. उलट्या क्रमाने केलेलं काम पुढे अडचणीत आणतं.

खासगी दवाखान्यात एकच गोळा आकडा सांगितला तर तो फोडून मागा: भुकटीचे किती, पडद्याचे किती, सर्जरीचे किती, स्कॅनचे किती. भुकटी पाव, अर्धा, एक ग्रॅम अशा बाटल्यांत येते आणि खर्चाचा मोठा भाग तिचा असतो. एका खळग्याला सहसा छोटी बाटली पुरते. आरोग्य विम्यात दातांची कामं अपघाताचा अपवाद सोडला तर बहुधा बसत नाहीत, त्यावर विसंबू नका. खर्च झेपत नसेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय यांच्या ओपीडीत जाऊन विचारा. अशा ठिकाणी सर्जरीची फी बाहेरच्या मानाने कमी असते, भुकटी-पडदा मात्र बऱ्याचदा आपणच विकत आणून द्यावा लागतो. वेळ जातो, चकरा होतात, पण शिकणाऱ्या डॉक्टरच्या मागे अनुभवी शिक्षक उभे असतात.

पाचवी पायरी: कामाचा दिवस

पोटभर खाऊन जा. भूल फक्त त्या जागेची असते, उपाशी राहायची गरज नसते. पूर्ण भूल किंवा गुंगी देणार असतील तर मात्र ते सांगतील तसं उपाशी राहा.

साध्या खळग्याचं काम असं चालतं: दात शक्यतो हाडाच्या भिंती न तोडता, मुळं वेगळी करून काढतात. आतला कुजलेला भाग खरवडून साफ करतात. मग तुमच्या रक्तात किंवा सलाइनमध्ये भिजवलेले दाणे हलक्या हाताने भरतात. ठोकून भरले तर आत रक्तवाहिन्यांना शिरायला जागा राहत नाही. वरून पडदा आणि टाके. दुखणं साधारण दात काढण्याइतकंच. आत सक्रिय पू असेल तर डॉक्टर आधी तो बरा करून नंतर ग्राफ्ट करायचं सुचवतील. त्यात वेळ जातो म्हणून नाराज होऊ नका.

सायनस लिफ्टमध्ये गालाच्या बाजूने हाडात छोटी खिडकी करून सायनसचा पातळ पडदा वर उचलतात आणि खाली तयार झालेल्या जागेत ग्राफ्ट भरतात. हाड थोडंच कमी असेल तर इम्प्लांटच्याच भोकातून पडदा उचलता येतो, ते सोपं. हा पडदा फाटणं ही यातली सर्वांत नेहमीची अडचण. थोडाच फाटला असेल तर कोलेजनने झाकून काम पुढे नेता येतं. जास्त फाटला असेल तर टाके घालून काही महिन्यांनी पुन्हा करावं लागतं. हे आधी सांगणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

सहावी पायरी: पहिले पंधरा दिवस

ग्राफ्ट फसण्याची पुष्कळशी कारणं या दिवसांत घडतात, आणि त्यातली बरीचशी आपल्या हातात असतात.

पहिले २४ तास थुंकायचं नाही, चूळ जोरात भरायची नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही. या तिन्हींमुळे तोंडात ओढ तयार होते आणि जखमेवरची रक्ताची गुठळी सुटते. लाळेत रक्ताचा रंग दिसला की थुंकावंसं वाटतं, तरी गिळून टाका. बाहेरून बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावायचा, तेवढाच वेळ थांबायचं, पहिला दिवस असं करत राहायचं. रात्री उशी उंच घ्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. आरशात पाहून घाबरू नका.

खाण्यात पहिल्या दिवशी गार किंवा कोमट: ताक, दही-भात, पातळ पेज, गार दूध. मग मऊ खिचडी, वरण-भात, शिरा, उपमा, कुस्करलेली पोळी दुधात. चावायचं दुसऱ्या बाजूने. चिवडा, शेंगदाणे, चकली, भाकरीचा कडक पापुद्रा, डाळिंब आणि तीळ-खसखशीचं काहीही दोन आठवडे नको. तिळासारखे बारीक दाणे टाक्यांत अडकून बसतात. संक्रांतीच्या सुमारास काम करून घेणाऱ्यांनी तिळगूळ दुसऱ्यांना द्यावा.

दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात घेऊन डोकं हलवून सोडून द्यायचं, खळखळवायचं नाही. तोंड धुवायचं क्लोरहेक्सिडिनचं औषध दिलं असेल तर सांगितलं तेवढेच दिवस वापरा, जास्त वापराने दात तपकिरी होतात. त्या जागेवर ब्रश नको, बाकी दात मात्र रोज घासा. जीभ किंवा बोट लावून ‘बसलंय का’ हे पाहणं अजिबात नको. जुनी कवळी त्या जागेवर टेकत असेल तर डॉक्टरने घासून दिल्याशिवाय घालू नका. दाबाखाली ग्राफ्ट टिकत नाही. एक-दोन दाणे तोंडात आले तर ते चालतं. मूठभर वाळू आल्यासारखं वाटलं तर फोन करा.

सायनसचं काम झालं असेल तर दोन-तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. प्राणायामात जोराने श्वास सोडायचे प्रकार, विशेषतः कपालभाती आणि भस्त्रिका, बंद ठेवा. विमानप्रवासाबद्दल आधी विचारा.

दाबून धरलेल्या बोळ्यानेही रक्त थांबत नाही, चौथ्या दिवसानंतर सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढते आहे, ताप किंवा पू आहे, भूल उतरल्यावरही ओठ-हनुवटी बधिर आहे, नाकातून पाणी किंवा दाणे येतात, यातलं काहीही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर दवाखाना उघडायचीही वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.

सातवी पायरी: वाट पाहणं

टाके आठवडा-दोन आठवड्यांत निघतात, हिरडी वरून बरी दिसते आणि लोकांना वाटतं झालं. आत मात्र काम नुकतंच सुरू झालेलं असतं. भरलेल्या खळग्यात इम्प्लांट घालायला साधारण ४ ते ६ महिने थांबावं लागतं. मोठ्या सायनस लिफ्टनंतर ६ ते ९. हाडाचा तुकडा स्क्रूने बसवला असेल तर ४ ते ६ महिन्यांनी स्क्रू काढून त्याच वेळी इम्प्लांट घालतात. या काळात समोरचा दात नसेल तर शेजारच्या दातांना टेकणारा, ग्राफ्टवर दाब न देणारा तात्पुरता दात करून घ्या.

परदेशातून तीन-चार आठवड्यांच्या सुट्टीवर पुण्या-मुंबईला येऊन ‘सगळं एकदम’ उरकायचा बेत असलेल्यांनी हे आकडे आधी पाहावेत. एका सुट्टीत दात काढून ग्राफ्ट, पुढच्या सुट्टीत इम्प्लांट, त्याच्या पुढच्या सुट्टीत वरचा दात, असं आखलं तर जमतं. टाके काढायला आपण इथे असू, एवढं पाहून तिकीट काढा. इम्प्लांट तिकडेच घालणार असाल तर कुठली भुकटी, कुठला पडदा आणि कधी, हे लिहून न्या.

इम्प्लांटच्या आधी नवा स्कॅन किंवा निदान एक्स-रे काढून हाड कितपत भरलंय ते पाहतात. कधी कधी पुरेसं भरलेलं नसतं आणि थोडी भर इम्प्लांटसोबत पुन्हा घालावी लागते. तंबाखू, साखर आणि सफाई सांभाळली असेल तर ही वेळ कमी वेळा येते, पण सगळं नीट करूनही येऊ शकते. चांगल्या भरलेल्या हाडात बसवलेलं इम्प्लांट मूळ हाडातल्या इम्प्लांटच्या तोडीस तोड टिकतं. एकदा इम्प्लांटवर चावणं सुरू झालं की हाडाला पुन्हा काम मिळतं. त्यानंतर दर सहा महिन्यांनी सफाई आणि तपासणी करत राहा. हिरडीचा आजार इम्प्लांटभोवतीही होतो आणि भरलेलं हाडही तो खातो.

भुकटीच्या बाटलीवर आणि पडद्याच्या पाकिटावर कंपनी, प्रकार, बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेले स्टिकर असतात, सोलून कागदावर लावायचेच. एक डॉक्टरच्या नोंदीत लागतो, दुसरा तुमच्या फाइलमध्ये लावून मागा. काम संपल्यावर बाटली कचऱ्यात गेली की तो मिळत नाही, तेव्हा खुर्चीवर बसतानाच सांगून ठेवा.